धनुष्य निवडण्याआधी: डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये दुरून लढणारे पात्र कसे घडवावे

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, पात्रांच्या भूमिका घेऊन आणि फासे टाकून खेळायचा खेळ आहे. तो खेळायला नव्याने बसणाऱ्यांपैकी बरेचजण पहिले पात्र तिरंदाजाचे मागतात. शत्रूच्या तलवारीच्या टप्प्यात न जाता लढता यावे आणि नियम शिकत असताना पात्र पटकन मरू नये, हा त्यामागचा हिशेब रास्तच आहे. पात्र तयार करताना मात्र बहुतेकांचे सगळे लक्ष एकाच आकड्यावर खिळते, तो म्हणजे बाण लागल्यावर किती नुकसान होईल. प्रत्यक्ष खेळात तिरंदाजाचे यश त्या आकड्यापेक्षा त्याचे किती बाण नियमांच्या अडथळ्यांत वाया जातात यावर जास्त ठरते. म्हणून क्षमता निवडताना आधी नेम पक्का करणाऱ्या, मग नेम बिघडवणारे अडथळे दूर करणाऱ्या आणि शेवटी नुकसान वाढवणाऱ्या, असा क्रम धरावा, असे माझे मत आहे आणि पुढचे सगळे विवेचन त्याच क्रमाने केले आहे.

पहिली पायरी: डीएमला आधीच विचारायच्या गोष्टी

पात्राचा कागद भरायला घेण्याआधी खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरला, म्हणजे डीएमला, कोणत्या आवृत्तीचे नियम वापरणार हे विचारावे. हा खेळ १९७४ साली प्रथम प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. सध्या बहुतेक टेबलांवर २०१४ ची पाचवी आवृत्ती किंवा तिचीच २०२४ मध्ये सुधारलेली नियमावली चालते. या दोहोंत नाव तेच आणि काम वेगळे, अशा क्षमता बऱ्याच आहेत, आणि तिरंदाजांच्या लाडक्या क्षमता नेमक्या त्यांतच मोडतात. इंटरनेटवर वाचलेल्या सल्ल्याबाबतही हीच काळजी घ्यावी लागते. उदाहरणार्थ, पाथफाइंडर या खेळाच्या पहिल्या आवृत्तीत साथीदाराशी झुंजणाऱ्या शत्रूवर बाण सोडला तर नेमातून ४ वजा होतात, आणि ती वजाबाकी टाळण्यासाठी आधी पॉइंट ब्लँक शॉट आणि मग प्रिसाइज शॉट घ्यावा लागतो. तो सल्ला वाचून आलेला खेळाडू पाचव्या आवृत्तीच्या पुस्तकात प्रिसाइज शॉट शोधत बसतो, आणि तो तिथे नसतोच. या लेखातले आकडे २०१४ च्या नियमांचे आहेत, आणि २०२४ मध्ये महत्त्वाचा फरक असेल तिथे तो सांगितला आहे.

दुसरा प्रश्न 'फीट' नावाच्या खास कौशल्यांचा. २०१४ च्या नियमांत ती ऐच्छिक आहेत आणि काही डीएम ती मुळीच देत नाहीत. ज्यांच्याकडे पुस्तक नाही अशांनी हेही लक्षात ठेवावे की क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत मिळणाऱ्या २०१४ च्या मूलभूत नियमसंग्रहात ग्रॅपलर ही एकच फीट आहे. तिरंदाजाला लागणाऱ्या फीट खेळाडूंच्या मुख्य पुस्तकातच सापडतील.

तिसरा प्रश्न नवखे जवळपास कधीच विचारत नाहीत, आणि माझ्या मते तोच सर्वांत उपयोगाचा आहे: लढाया साधारण केवढ्या जागेत होणार? पटावरचे एक घर ५ फुटांचे धरतात आणि ते बहुधा एक इंच असते. लाँगबोचा, म्हणजे लांब धनुष्याचा, साधा पल्ला १५० फूट, म्हणजे ३० घरे, आणि लांबचा पल्ला ६०० फूट, म्हणजे १२० घरे. १२० इंच म्हणजे दहा फूट लांबीचा पट झाला, आणि तेवढे टेबल घरात सहसा कोणाकडे नसते. भुयारातली दालने तीस-चाळीस फुटांचीच असतील, तर लांब पल्ल्यासाठी खर्च केलेली क्षमता कागदावरच राहते. त्यात अंधाराची भर पडते. एल्फ किंवा ड्वॉर्फ या काल्पनिक वंशांच्या पात्रांना अंधारात ६० फुटांपर्यंत दिसते, माणसाला तेवढेही दिसत नाही. मशालीचा लख्ख उजेड २० फूट आणि त्यापुढे मंद उजेड आणखी २० फूट पडतो. जो दिसत नाही त्याच्यावर नीट नेम धरता येत नाही, त्यामुळे भुयारात धनुष्याचा खरा पल्ला डोळ्यांइतकाच असतो.

दुसरी पायरी: नेम कशाने बिघडतो हे समजून घेणे

हा भाग घाईने वाचू नये, कारण पुढची प्रत्येक निवड याच्यावर उभी आहे. उदाहरणासाठी पहिल्या लेव्हलचा, म्हणजे अगदी नवा, एक फाईटर (लढवय्या) घेऊ. त्याची डेक्स्टेरिटी, म्हणजे चपळता, १६ आहे, तिचे +३. शस्त्र सराईतपणे वापरता येते म्हणून प्रोफिशियन्सीचे +२. आणि आर्चरी ही लढण्याची शैली घेतली म्हणून आणखी +२. वीस बाजूंच्या फाशावर पडलेल्या आकड्यात तो ७ मिळवतो. समोर गॉब्लिन हा छोटा राक्षस आहे, ज्याचा आर्मर क्लास (बाण लागण्यासाठी गाठायचा आकडा) १५ आणि हिट पॉइंट (तो किती मार सोसेल तो आकडा) ७ आहेत. फाशावर ८ किंवा अधिक पडले की बाण लागतो, म्हणजे शंभरातले ६५ बाण लागावेत.

आता तो गॉब्लिन धावत येऊन अगदी शेजारच्या घरात उभा राहिला असे समजा. ज्याला तुम्ही दिसता आणि जो लढण्याच्या स्थितीत आहे असा शत्रू पाच फुटांच्या आत असेल, तर दूरच्या प्रत्येक हल्ल्यावर डिसअ‍ॅडव्हान्टेज मिळते, मग नेम त्याच शत्रूवर असो की दालनाच्या दुसऱ्या टोकावरच्या म्होरक्यावर. डिसअ‍ॅडव्हान्टेज म्हणजे दोन फासे टाकून त्यांतला लहान आकडा धरणे. आपल्या फाईटरचे ६५ टक्के त्यामुळे थेट ४२ टक्क्यांवर येतात. हेच डिसअ‍ॅडव्हान्टेज लक्ष्य साध्या पल्ल्यापलीकडे असले तर मिळते, लक्ष्य दिसत नसेल तर मिळते, आणि लक्ष्य जमिनीवर आडवे पडले असून पाच फुटांपेक्षा दूर असेल तरीही मिळते. या शेवटच्या कारणावरून नवख्या टेबलांवर साथीदारांमध्ये हमखास कुरबुर होते. तलवारवाला मित्र मोठ्या कौतुकाने शत्रूला लोळवतो आणि त्याच क्षणी तिरंदाजाची पंचाईत करून ठेवतो.

दुसरा अडथळा आडोशाचा. लक्ष्याचे निम्मे शरीर झाकलेले असेल तर त्याच्या आर्मर क्लासमध्ये २ मिळवायचे, आणि पाऊण शरीर झाकलेले असेल तर ५. भिंत, पिंप किंवा झाडच नव्हे, तर मध्ये उभा असलेला आपलाच साथीदारही निम्मा आडोसा ठरतो. आपल्या उदाहरणातला नेम निम्म्या आडोशाला ५५ टक्क्यांवर आणि पाऊण आडोशाला ४० टक्क्यांवर येतो. पाचव्या आवृत्तीत साथीदाराला चुकून बाण लागण्याचा नियम मुख्य नियमांत नाही, त्यामुळे नवख्यांच्या मनातली ती भीती सोडून द्यायला हरकत नाही. आडोशाचे २ मात्र खरे असतात, आणि कित्येक टेबलांवर ते मोजायचे विसरले जाते.

उलट बाजूही पाहावी. शत्रूला तुम्ही दिसत नसाल तर दोन फाशांतला मोठा आकडा घेता येतो, म्हणजे अ‍ॅडव्हान्टेज मिळते, आणि आपल्या फाईटरची शक्यता सुमारे ८८ टक्क्यांवर पोहोचते. आर्चरी शैलीचे +२ म्हणजे दहा टक्के. लपून सोडलेल्या बाणाचे मोल त्याच्या दुपटीहून अधिक होते. नियमांचे पुस्तक शंभर पाने वाचण्यापेक्षा टक्क्यांचे हे चार-पाच आकडे पाठ केलेले बरे.

तिसरी पायरी: वर्ग ठरवणे

दुरून लढण्यासाठी नवख्याने फाईटर, रेंजर (रानातला शिकारी), रोग (Rogue, चोरपावलांचा ठग) किंवा वॉरलॉक (मंत्रांनी लढणारा) यांपैकी एक वर्ग, म्हणजे पात्राचा पेशा, घ्यावा. इतर वर्गांनाही ते जमते, पण पहिल्या पात्रासाठी त्यांची शिफारस मी करणार नाही.

फाईटर सर्वांत सरळ आहे. आर्चरी शैली पहिल्याच लेव्हलला मिळते, दुसऱ्या लेव्हलला अ‍ॅक्शन सर्ज (एका वळणात, म्हणजे पाळीत, एक जादा मुख्य कृती) मिळतो, पाचव्याला एका वळणात दोन हल्ले आणि अकराव्याला तीन. गुण वाढवण्याच्या किंवा फीट घेण्याच्या संधीही इतरांपेक्षा जास्त येतात, कारण चौथ्या आणि आठव्याच्या मध्ये सहाव्या लेव्हलला त्याला एक जादा संधी असते. तिसऱ्या लेव्हलला बॅटल मास्टर ही शाखा घेतली तर आठ बाजूंचे चार खास फासे मिळतात, जे थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा भरतात. त्यांच्या डावपेचांपैकी प्रिसिजन अटॅक तिरंदाजाने डोळे मिटून घ्यावा. फासा टाकून झाल्यावर नेम थोडक्यात हुकतो आहे असे वाटले की खास फाशाचा आकडा त्यात मिळवता येतो. शत्रूला पाडणारा ट्रिप अटॅक मात्र वर सांगितलेल्या कारणाने जपून वापरावा. समोर उडणारा प्राणी असेल तेव्हा तोच डाव बहारीचा ठरतो, कारण पाडला गेलेला प्राणी आकाशातून खाली आदळतो आणि आघाडीच्या साथीदारांच्या हाती सापडतो.

रेंजरला आर्चरी दुसऱ्या लेव्हलला मिळते आणि त्याच वेळी हंटर्स मार्क हा मंत्रही घेता येतो. खूण केलेल्या शत्रूला तुमचा प्रत्येक बाण लागला की सहा बाजूंचा एक फासा जादा नुकसान होते. हा मंत्र टिकवायला कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे एकाग्रता, लागते, आणि मार बसला की ते तुटू शकते. किमान १० चा, किंवा बसलेल्या नुकसानाच्या निम्म्याचा, जो आकडा मोठा असेल त्याचा कॉन्स्टिट्यूशनचा, म्हणजे काटकपणाचा, फासा जिंकावा लागतो. म्हणजे रेंजरने मागे उभे राहण्याला दुहेरी महत्त्व आहे. हंटर शाखेतला कोलोसस स्लेयर आधीच जखमी असलेल्या शत्रूला वळणात एकदा आठ बाजूंच्या फाशाइतके जादा नुकसान करतो. त्याला ना कॉन्सन्ट्रेशन लागते ना वळणातली छोटी जादा कृती असलेली बोनस अ‍ॅक्शन, म्हणून नवख्याला तो फार सोयीचा पडतो.

रोगचा स्वभाव वेगळा आहे. त्याला एका वळणात एकच हल्ला, पण त्यावर स्नीक अटॅकचे, म्हणजे जादा नुकसानाचे, फासे चढतात: पहिल्या लेव्हलला एक, पाचव्याला तीन. त्यासाठी एकतर अ‍ॅडव्हान्टेज हवे, किंवा लक्ष्याचा एखादा सक्षम शत्रू, म्हणजे बहुधा तुमचा साथीदार, लक्ष्यापासून पाच फुटांत हवा आणि तुमच्यावर डिसअ‍ॅडव्हान्टेज नको. शेवटची अट पुन्हा वाचावी. शेजारी शत्रू उभा राहिला की रोगचा नेम तर बिघडतोच, शिवाय स्नीक अटॅकही जातो. त्यावर तोड म्हणून दुसऱ्या लेव्हलला कनिंग अ‍ॅक्शन मिळते, जिच्यामुळे बोनस अ‍ॅक्शनमध्ये निसटता येते किंवा लपता येते. ज्याला पटावर सतत जागा बदलत खेळायला आवडते त्याने रोग घ्यावा. ज्याला एका जागी उभे राहून बाण मोजायचे आहेत त्याने घेऊ नये.

वॉरलॉकबद्दल सहाव्या पायरीत लिहिले आहे.

गुणांची वाटणी करताना १५, १४, १३, १२, १०, ८ हा ठरलेला संच वापरत असाल तर १५ डेक्स्टेरिटीला आणि १४ कॉन्स्टिट्यूशनला द्यावेत. वुड एल्फ निवडल्यास डेक्स्टेरिटी १७ होते, विजडम, म्हणजे शहाणपण, एकाने वाढते, लाँगबो आपोआप वापरता येतो आणि चालण्याचा वेग ३० ऐवजी ३५ फूट मिळतो. ते पाच फूट जादा म्हणजे शत्रूपासून एक घर अधिक लांब राहण्याची सोय, आणि तिचे मोल पहिल्या दोन-तीन लढायांतच कळते.

चौथी पायरी: शस्त्र

शस्त्राच्या तक्त्यात नुकसानीच्या फाशाशेजारी लिहिलेले बारीक शब्द आधी वाचावेत. लाँगबो ५० सोन्याच्या नाण्यांना मिळतो आणि नुकसान आठ बाजूंच्या फाशाइतके करतो, पण तो 'हेवी' आहे, त्यामुळे २०१४ च्या नियमांत हाफलिंग किंवा नोम यांसारख्या लहान चणीच्या पात्राला तो वापरताना कायम डिसअ‍ॅडव्हान्टेज मिळते. अशा पात्राने शॉर्टबो घ्यावा. पल्ला ८० आणि ३२० फूट, फासा सहा बाजूंचा, आणि दोन फाशांत सरासरी फरक फक्त एकाचा. हेवी क्रॉसबोचा, म्हणजे चाप असलेल्या जड धनुष्याचा, दहा बाजूंचा फासा पाहून पुष्कळजण भुलतात. त्याला 'लोडिंग' ही अट आहे, म्हणजे एका अ‍ॅक्शनमध्ये एकच बाण. पाचव्या लेव्हलला फाईटरला दोन हल्ले मिळाले की तिथे लाँगबो सरळ पुढे निघून जातो. हँड क्रॉसबो लहानखुरा, पल्ला अवघा ३० आणि १२० फूट, आणि किंमत ७५ नाणी. क्रॉसबो एक्सपर्ट ही फीट घेणार असाल तरच त्याच्याकडे वळावे.

फेकण्याच्या शस्त्रांबाबत एक बारकावा आहे. जॅवलिन, म्हणजे फेकायचा भाला, नियमांच्या दृष्टीने हातघाईचे शस्त्र आहे जे फेकताही येते. त्यामुळे आर्चरीचे +२ त्याला लागू होत नाहीत, आणि त्याच्या नेमात डेक्स्टेरिटीऐवजी स्ट्रेंग्थ मोजली जाते. डार्ट हे मात्र दूरचेच शस्त्र गणले जाते आणि त्याला आर्चरी लागू होते. चिलखत घातलेल्या, ताकदवान पात्राने दोन-चार जॅवलिन पाठीवर बाळगावेत, पण त्यांच्यावर सगळी लढाई चालवायला जाऊ नये, कारण २०१४ च्या नियमांत एका वळणात फुकट एकच शस्त्र उपसता येते आणि दुसरा हल्ला अडतो. २०२४ मध्ये फेकायचे शस्त्र हल्ल्याबरोबरच उपसता येते, त्यामुळे ही अडचण उरलेली नाही. गोफणही तक्त्यात आहे, पल्ला ३० आणि १२० फूट, फासा चार बाजूंचा. शेतातली पाखरे हाकणारी आपली गोफण पाहिलेल्या कोणालाही हा फासा जरा कंजूष वाटेल.

२०२४ च्या नियमांत फाईटर, रेंजर आणि रोग यांना शस्त्रांची 'मास्टरी' मिळते आणि त्यामुळे शस्त्राची निवड अधिक रंगतदार झाली आहे. लाँगबो लागलेल्या शत्रूचा वेग १० फुटांनी घटतो. शॉर्टबो आणि हँड क्रॉसबो लागले की त्याच शत्रूवरच्या तुमच्या पुढच्या हल्ल्याला अ‍ॅडव्हान्टेज मिळते, जे रोगसाठी सोन्याहून पिवळे आहे. हेवी क्रॉसबो शत्रूला १० फूट मागे ढकलतो.

पाचवी पायरी: शैली आणि फीट

लढण्याची शैली विचारली जाईल तेव्हा आर्चरीच घ्यावी. यावर वाद घालण्यासारखे काही नाही.

फीटबाबत मात्र विचार करावा लागतो. २०१४ मधली शार्पशूटर फीट तीन गोष्टी देते: लांबच्या पल्ल्यावर डिसअ‍ॅडव्हान्टेज लागत नाही, निम्मा आणि पाऊण आडोसा मोजला जात नाही, आणि हवे तेव्हा नेमातून ५ वजा करून नुकसानात १० मिळवता येतात. नवखे तिसऱ्या कलमासाठी ती घेतात. माझ्या मते ती दुसऱ्या कलमासाठी घेण्यासारखी आहे, कारण आडोसा जवळपास प्रत्येक लढाईत असतो. तरीही तिसऱ्याचा हिशेब मांडून पाहू. आपला फाईटर पाचव्या लेव्हलला पोहोचला, डेक्स्टेरिटी १६ च ठेवून चौथ्या लेव्हलला त्याने ही फीट घेतली, आणि प्रोफिशियन्सी वाढून नेम +८ झाला. आर्मर क्लास १५ असलेल्या शत्रूवर साधा बाण ७० टक्के वेळा लागतो आणि सरासरी साडेसात नुकसान करतो. म्हणजे प्रत्येक बाणामागे सव्वापाच. पाच वजा करून सोडलेला बाण ४५ टक्केच लागतो, पण साडेसतरा नुकसान करतो. म्हणजे बाणामागे जवळपास आठ. आर्मर क्लास १८ असेल तर हेच आकडे चार आणि सव्वापाचच्या आसपास येतात. २० ला दोन्ही साडेतीनच्या जवळ जाऊन बरोबरी होते. त्याऐवजी फीट न घेता डेक्स्टेरिटी १८ केली असती तर आर्मर क्लास १५ वर बाणामागे साधारण ६.४ मिळाले असते, शिवाय स्वतःचा आर्मर क्लास आणि लढाईतला क्रम सुधारला असता.

या सरासऱ्या खऱ्या आहेत, पण त्या शत्रूचे उरलेले हिट पॉइंट विचारात घेत नाहीत. ७ हिट पॉइंटच्या गॉब्लिनला साडेसतरा नुकसान करून काय साधणार? तो आठातही मरतो, आणि हुकलेल्या बाणाने मुळीच मरत नाही. म्हणून पाच वजा करण्याचा सौदा मोठ्या, पुष्कळ हिट पॉइंटच्या आणि ढिल्या चिलखताच्या शत्रूसाठी राखून ठेवावा. ओग्र हे त्याचे उत्तम गिऱ्हाईक आहे, कारण त्याचा आर्मर क्लास ११ आणि हिट पॉइंट ५९ असतात. २०२४ च्या शार्पशूटरमध्ये हा सौदाच काढून टाकला आहे. त्याऐवजी डेक्स्टेरिटी एकाने वाढते, आडोसा आणि लांबचा पल्ला पूर्वीप्रमाणेच मोजले जात नाहीत, आणि शेजारी शत्रू असतानाही डिसअ‍ॅडव्हान्टेज लागत नाही. पुष्कळ जुने खेळाडू त्यावर नाराज आहेत. नवख्यासाठी मला नवीच अधिक चांगली वाटते, कारण ती नेमके अडथळेच दूर करते आणि दर बाणाला गणित मांडायला लावत नाही.

क्रॉसबो एक्सपर्ट ही दुसरी महत्त्वाची फीट. २०१४ च्या रूपात ती लोडिंगची अट काढते, पाच फुटांतल्या शत्रूमुळे होणारे डिसअ‍ॅडव्हान्टेज काढते, आणि एका हाताच्या शस्त्राने हल्ला केला की बोनस अ‍ॅक्शनमध्ये हँड क्रॉसबोचा आणखी एक बाण देते. मधले कलम कोणत्याही दूरच्या हल्ल्याला लागू आहे, मंत्रांनासुद्धा, हे अनेकांना ठाऊक नसते. तुमचा खेळ अरुंद भुयारांत चालणार असेल तर शार्पशूटरच्या आधी ही घ्यावी. मोकळ्या रानात चालणार असेल तर उलट. मात्र बाण भरायला एक हात मोकळा लागतो, त्यामुळे एका हातात ढाल आणि दुसऱ्यात हँड क्रॉसबो ही जोडी फार काळ चालत नाही. बोनस अ‍ॅक्शनही वळणात एकच असते. रेंजरला हंटर्स मार्क लावायला आणि हलवायला तीच लागते, रोगला निसटायला तीच लागते. म्हणून बोनस अ‍ॅक्शन मागणाऱ्या क्षमता एकापेक्षा जास्त गोळा करू नयेत.

सहावी पायरी: मंत्रांनी दुरून लढायचे असेल तर

वॉरलॉकचा एल्ड्रिच ब्लास्ट १२० फुटांवर दहा बाजूंच्या फाशाइतके नुकसान करतो आणि कितीही वेळा वापरता येतो. दुसऱ्या लेव्हलला अ‍ॅगनायझिंग ब्लास्ट घेतला की त्यात करिष्म्याचा आकडा मिळतो. करिष्मा १६ असेल तर सरासरी साडेआठ, म्हणजे आपल्या फाईटरच्या लाँगबोपेक्षा एकाने जास्त. पाचव्या लेव्हलला दोन झोत होतात आणि प्रत्येकाचा फासा वेगळा टाकतात. सोबत रिपेलिंग ब्लास्ट घेतल्यास लागलेला प्रत्येक झोत शत्रूला १० फूट मागे ढकलतो, आणि शेजारी आलेल्या शत्रूची अडचण पुष्कळ अंशी तिथेच मिटते. भाता नको, बाणांचा हिशेब नको. ज्याला नियम कमी आणि काम चोख हवे आहे त्याने हा वर्ग घ्यावा.

विझार्डचा, म्हणजे जादूगाराचा, फायर बोल्ट हा मंत्रही दहा बाजूंचा आहे, पण त्यात बुद्धिमत्तेचा आकडा मिळत नाही. म्हणून पहिल्या काही लेव्हलना डेक्स्टेरिटी १४ असलेल्या विझार्डने लाइट क्रॉसबो बाळगण्यात मुळीच कमीपणा नाही. आर्मर क्लास १३ वर त्याची सरासरी बाणामागे ३.९ येते आणि बुद्धिमत्ता १६ धरून फायर बोल्टची ३.६. पाचव्या लेव्हलला फायर बोल्टचे दोन फासे होतात आणि क्रॉसबो विकून टाकता येतो.

हल्ल्याचा फासा टाकावा लागणाऱ्या मंत्रांना शेजारच्या शत्रूचे डिसअ‍ॅडव्हान्टेज धनुष्याइतकेच लागते. म्हणून मंत्रांच्या यादीत असा फासा न लागणारा एखादा तरी असावा. मॅजिक मिसाइलचे तीन बाण हुकतच नाहीत. क्लेरिकच्या, म्हणजे पुजाऱ्याच्या, सेक्रेड फ्लेममध्ये शत्रूनेच डेक्स्टेरिटीचा फासा टाकायचा असतो, आणि त्यात त्याला आडोशाचाही फायदा मिळत नाही. फायरबॉल १५० फुटांवर २० फूट त्रिज्येत फुटतो आणि साथीदारांना वगळत नाही, एवढे सांगितले तरी पुरे.

सातवी पायरी: पहिल्या लढाईची तयारी

वळण सुरू झाले की आधी स्वतःच्या भोवतालची आठ घरे पाहावीत. शत्रू शेजारी असेल तर नुसते चालत निघून गेल्यास त्याला फुकटचा एक वार मिळतो. डिसएंगेज अ‍ॅक्शन घेतल्यास वार टळतो पण तुमचा हल्ला जातो, रोगची गोष्ट वेगळी. कित्येकदा धनुष्य खाली टाकून शॉर्टसोर्ड उपसणे हाच किफायतशीर मार्ग असतो, कारण शॉर्टसोर्डलाही डेक्स्टेरिटीच लागते आणि डिसअ‍ॅडव्हान्टेज राहत नाही. म्हणून असे एक शस्त्र कमरेला असलेच पाहिजे. शिवाय हाती केवळ धनुष्य असेल तर बाजूने पळून जाणाऱ्या शत्रूवर तुम्हाला शस्त्राचा फुकटचा वार करता येत नाही, आणि ही गोष्ट हुशार डीएम लगेच हेरतो.

शत्रू दूर असेल तर बाण सोडून मग आडोशामागे सरकावे. चालणे हल्ल्याच्या आधी थोडे आणि नंतर थोडे, असे तोडून वापरता येते; खांबामागून बाहेर येणे, बाण सोडणे आणि पुन्हा खांबामागे जाणे हे एकाच वळणात बसते. तलवारवाल्या साथीदाराशी आधीच बोलून ठेवावे की त्याने शत्रूला कुठे अडवायचे आणि तुमच्या नेमाच्या रेषेत उभे राहायचे नाही. शत्रूला पाडायचेच असेल तर ते तुमचे वळण येऊन गेल्यावर पाडावे.

वीस बाण एका सोन्याच्या नाण्याला मिळतात आणि लढाईनंतर एक मिनिट शोधल्यास वापरलेल्यांपैकी निम्मे परत सापडतात. सुरुवातीला दोन भाते घ्यावेत. पात्राच्या कागदावर हल्ल्याच्या चौकटीत नेमाचा आकडा नुसता लिहून न थांबता त्याखाली साधा पल्ला फुटांऐवजी घरांमध्ये लिहावा, लाँगबोसाठी ३०, शॉर्टबोसाठी १६, हँड क्रॉसबोसाठी ६. आणि शार्पशूटर घेतली असेल तर पाच वजा केलेला नेम आणि दहा मिळवलेले नुकसान दुसऱ्या ओळीत तयार ठेवावे, म्हणजे आपले वळण आल्यावर बाकीच्या चौघांना बेरजेसाठी खोळंबून राहावे लागत नाही.